पत्ता मागण्याची रीत

यंत्रासाठी नेटवर्कवर पत्ता मागणारा प्रोग्राम म्हणजे डीएचक्लायंट. त्याच्या रेड हॅट आवृत्तीचं मॅन्युअल उघडलं की पहिला पडदा चौकोनी कंसांनीच भरून जातो. डॅश ४, डॅश ६, स्मॉल डी, कॅपिटल डी, स्मॉल आर, कॅपिटल आर, एनडब्ल्यू, एसएफ, एलएफ... कुठलं अक्षर कशासाठी आहे याचा अंदाजही येत नाही. स्मॉल आर म्हणजे मिळालेला पत्ता परत करणं आणि कॅपिटल आर म्हणजे सर्व्हरकडे कोणकोणती माहिती मागायची ते सांगणं. दोन्ही आर, पण दूरचे नातेवाईकसुद्धा नाहीत. अशा यादीपुढे बसलेला माणूस कुणीतरी सांगितलेल्या दोन ओळी लिहून घेतो, अडलं की चालवतो आणि जमलं तर पुढे जातो. विंडोजवर आयपीकॉन्फिगला रिलीज आणि रिन्यू सांगणारी अख्खी पिढी अशीच तयार झाली. पद्धत वाईट नाही, पण पहिल्या खऱ्या अडचणीपाशी ती संपते.

या पुस्तकात पर्यायांची मांडणी अक्षरांच्या क्रमाने केलेली नाही. क्लायंट आणि सर्व्हर यांच्यात एक बोलणं चालतं, त्याच्या टप्प्यांप्रमाणे ती केली आहे. माझं म्हणणं एवढंच की यातला प्रत्येक पर्याय या बोलण्यातल्या एखाद्या जागी बोट ठेवतो. ते बोलणं डोळ्यांपुढे असेल तर अक्षरं पाठ करावी लागत नाहीत, आणि नसेल तर पाठ करूनही उपयोग नाही.

म्हणून आधी ते बोलणं. नेटवर्कला नुकत्याच जोडलेल्या यंत्राला स्वतःचा आयपी पत्ता नसतो आणि सर्व्हर कुठे आहे हेही ठाऊक नसतं. ते ०.०.०.० या रिकाम्या पत्त्यावरून २५५.२५५.२५५.२५५ या सगळ्यांच्या पत्त्यावर हाक मारतं: कुणी पत्ता देतंय का? हा डिस्कव्हर. सर्व्हर एक पत्ता पुढे करतो, तो ऑफर. क्लायंट म्हणतो, हाच द्या, ती रिक्वेस्ट. सर्व्हर मान्यता देतो, तो ॲक. क्लायंट यूडीपीच्या ६८ क्रमांकाच्या पोर्टवर आणि सर्व्हर ६७ वर. मिळालेला पत्ता कायमचा नसतो, मुदतीचा असतो; या मुदतीच्या कराराला लीज म्हणतात. आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या भाडेकरारासारखा. फरक इतकाच की इथे भाडेकरू मुदत संपायची वाट पाहत नाही. निम्मी मुदत उलटली की तो त्याच सर्व्हरला थेट पॅकेट पाठवून नूतनीकरण मागतो. उत्तर आलं नाही तर मुदतीचे ८७.५ टक्के झाल्यावर पुन्हा सगळ्यांना हाक मारतो, म्हणजे दुसरा कुणी सर्व्हर असेल तर तो तरी ऐकेल. तरीही कुणी बोललं नाही आणि मुदत संपली, तर पत्ता सोडावा लागतो.

ही रीत एका दिवसात ठरली नाही. १९८४ मध्ये आलेल्या रार्पमध्ये यंत्राला फक्त स्वतःचा पत्ता विचारता येई, दुसरं काही नाही. पुढच्याच वर्षी बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी बूटपी लिहिलं. त्यात गेटवे मिळे, सुरू होण्यासाठी लागणाऱ्या फाइलचं नावही मिळे. पण कुठल्या यंत्राला कुठला पत्ता हे तक्त्यात आधीच हाताने भरून ठेवावं लागे. यंत्रं जागची हलत नव्हती तोवर हे चाललं. वर सांगितलेल्या बोलण्याच्या प्रोटोकॉलचं नाव डीएचसीपी; मुदतीची कल्पना त्यानेच आणली. राल्फ ड्रोम्स यांच्या नावाने त्याचा पहिला मसुदा ऑक्टोबर १९९३ मध्ये आला आणि आज ज्याच्या आधारे सगळं चालतं तो आरएफसी २१३१ मार्च १९९७ मध्ये. डीएचसीपीने बूटपीच्याच पॅकेटचा सांगाडा वापरला. म्हणूनच डीएचक्लायंटच्या कॅपिटल बी या पर्यायाच्या वर्णनात आजही बूटपीचं नाव निघतं: उत्तर माझ्या नावाने थेट पाठवू नका, सगळ्यांना ऐकू जाईल असं पाठवा, एवढं सांगणारी ती खूण आहे.

डीएचक्लायंट हा प्रोग्राम टेड लेमन यांनी इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्शियम या संस्थेसाठी, व्हिक्सी एंटरप्रायझेसच्या सहकार्याने लिहिला. लिनक्ससाठी त्यात मोठे बदल केले ते एलियट पोगर यांनी, स्टॅनफर्डमध्ये मॉस्किटोनेट नावाच्या प्रकल्पावर काम करताना. तो प्रकल्प एका नेटवर्कमधून दुसऱ्या नेटवर्कमध्ये फिरणाऱ्या संगणकांचा होता. पुढे लेमन यांनी बराच भाग पुन्हा लिहिला. हेच लेमन आणि ड्रोम्स यांनी मिळून ‘द डीएचसीपी हँडबुक’ लिहिलं. म्हणजे प्रोटोकॉल लिहिणारा आणि प्रोग्राम लिहिणारा एकाच पुस्तकावर. मला हा योग फार आवडतो, कारण या दोन प्रकारच्या माणसांचं एरवी फारसं पटत नाही. त्या काळाच्या खुणा पर्यायांत अजून आहेत. डब्ल्यू घ्या. जोडायला एकही नेटवर्क कार्ड सापडलं नाही तर प्रोग्राम एरवी बंद होतो. डब्ल्यू दिला तर थांबून राहतो, कारण लॅपटॉपमध्ये कार्ड नंतरही खुपसलं जाऊ शकतं.

आता स्मॉल आर आणि एक्स यांच्याकडे, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. दोन्ही पर्याय चालू असलेल्या क्लायंटला थांबवतात. आर थांबवण्याआधी सर्व्हरला रिलीज पाठवतो: तुमचा पत्ता परत. एक्स काहीच न बोलता निघून जातो. वाचणाऱ्याला वाटेल, आर सभ्य आणि एक्स उद्धट. पण प्रोटोकॉलप्रमाणे पत्ता परत करणं बंधनकारक नाही, आणि डीएचक्लायंट नेहमीच्या कामात तो करतही नाही. मुदत संपली की सर्व्हर तो मोकळा करणारच असतो. मग आर आहे कशाला? मॅन्युअलच कारण देतं: काही केबल इंटरनेट कंपन्यांना पत्ता सोडताना तसं कळवावं लागतं. म्हणजे प्रोटोकॉलने न मागितलेली गोष्ट बाजाराने मागितली आणि तिच्यासाठी एक अक्षर खर्ची पडलं. आपल्याकडे अनेक केबलवाले ग्राहकाच्या राउटरचा हार्डवेअर पत्ताच नोंदवून ठेवतात आणि राउटर बदलला की त्यांना फोन करावा लागतो. तिथे आर कितीही वेळा चालवला तरी काही होत नाही, कारण अडथळा लीजमध्ये नसून त्यांच्या नोंदवहीत असतो.

दुसरा गैरसमज: आर चालवून क्लायंट पुन्हा सुरू केला की नवा पत्ता मिळेल. बहुतेक वेळा जुनाच मिळतो. सर्व्हरने पत्ता कुठल्या क्रमाने निवडावा हे आरएफसी २१३१ मध्ये सांगितलं आहे: या क्लायंटकडे सध्या असलेला, तो नसेल तर त्याच्याकडे पूर्वी असलेला, मुदत संपलेला किंवा परत केलेला, मग क्लायंटने मागितलेला, आणि सगळ्यात शेवटी साठ्यातला नवा. परत केलेला पत्ता दुसऱ्या क्रमांकावर आहे हे लक्षात आलं की कोडं सुटतं. सर्व्हर हट्टी नाही, ओळख ठेवणारा आहे.

आर चालवायचा तर क्लायंट ज्या लीज-फाइलने आणि पीआयडी-फाइलने सुरू केला होता, त्याच एलएफ आणि पीएफने द्याव्या लागतात. नाहीतर हा आर भलत्याच वहीत पाहतो, त्याला काही सापडत नाही आणि मूळ क्लायंट खुशाल चालू राहतो. दुसरी गोष्ट सांगायलाच नको, तरी सांगतो: दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने आत शिरून आर चालवला की ज्या पत्त्यावरून तुम्ही बोलता आहात तोच जातो. परत करून पुन्हा घ्यायचाच असेल तर दोन्ही कमांड एकाच ओळीत, नोहपने किंवा स्क्रीनच्या आत चालवाव्यात आणि पुन्हा जोडणी येईपर्यंत देवाचं नाव घ्यावं.

थांबण्याचे पर्याय मला सगळ्यात जास्त रुचतात, कारण त्यांच्यामागे प्रत्यक्ष यंत्रांचं वागणं दिसतं. नुसता डीएचक्लायंट चालवला तर पत्ता मिळेपर्यंत तो टर्मिनल धरून बसतो, मिळाला की पार्श्वभूमीत जातो. एनडब्ल्यू दिला तर थांबतच नाही. लगेच मागे जाऊन काम करतो आणि बूट होणारं यंत्र पुढे सरकतं. डॅश १ म्हणजे एकदाच प्रयत्न; पत्ता नाही मिळाला तर प्रोग्राम २ हा निकाल-अंक देऊन बाहेर पडतो, आणि स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला तेच हवं असतं. स्मॉल डी दिला तर तो मागे जातच नाही, सगळं बोलणं डोळ्यांपुढे छापतो. क्यू दिला तर गप्प राहतो. पण तो न देताही गप्पच असतो, तेव्हा क्यूचं काम काय हे ज्याचं त्याने ठरवावं.

किती वेळ थांबायचं हा प्रश्न मात्र वाटतो तितका साधा नाही. जुन्या पद्धतीचा स्पॅनिंग ट्री चालवणारा स्विच असेल तर केबल जोडल्यावर त्याचा पोर्ट आधी १५ सेकंद ऐकतो, मग १५ सेकंद शिकतो आणि त्यानंतर पॅकेटं पुढे जाऊ देतो. त्या अर्ध्या मिनिटात क्लायंटने मारलेल्या सगळ्या हाका भिंतीवर आपटतात. वेळमर्यादा वीस सेकंदांची ठेवली आणि डॅश १ दिला, की सर्व्हर धडधाकट असूनही सकाळी प्रत्येक यंत्र पत्त्याविना उठतं. दोष सर्व्हरला दिला जातो, क्लायंटला दिला जातो, केबल बदलल्या जातात. स्विचकडे शेवटी नजर जाते. प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांनी एक उलटी काळजीही घेतली होती: सुरू होताना क्लायंटने एक ते दहा सेकंदांतला कुठलातरी वेळ मुद्दाम थांबावं, म्हणजे सगळी यंत्रं एकाच क्षणी सर्व्हरवर तुटून पडणार नाहीत. लोडशेडिंगनंतर वीज परत आली की अख्खं ऑफिस एकदम कसं जिवंत होतं हे पाहिलेल्याला या कलमाचं मोल वेगळं सांगावं लागणार नाही.

डीएचक्लायंटबद्दल बहुतेकांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी की तो यंत्राला पत्ता स्वतः लावतच नाही. तो बोलणी करतो आणि निकाल एका शेल-स्क्रिप्टच्या हाती देतो. पत्ता लावणं, गेटवे घालणं, डीएनएस सर्व्हरचे पत्ते लिहिणं ही सगळी कामं त्या स्क्रिप्टची. प्रत्येक प्रसंगी तिला कारण कळवलं जातं: बाउंड, रिन्यू, रीबाइंड, एक्स्पायर, रिलीज असं. एसएफ पर्यायाने ही स्क्रिप्टच बदलता येते आणि ई पर्यायाने तिला आपली एखादी जास्तीची माहिती पुरवता येते. एसएफला नुसती छापणारी स्क्रिप्ट द्या, सर्व्हर काय काय पाठवतो ते यंत्राला धक्का न लावता पाहता येतं. पुस्तकातलं सगळ्यात मोठं प्रकरण याच एका पर्यायावर आहे.

ते मोठं असण्याचं आणखी एक कारण आहे. सर्व्हरकडून आलेला मजकूर पर्यावरण-चलांच्या रूपाने शेलच्या हाती जातो, आणि शेल तर हुकूम पाळायलाच बसलेला. सप्टेंबर २०१४ मध्ये बॅशमधला शेलशॉक हा दोष उघड झाला तेव्हा डीएचसीपी क्लायंट हा त्याचा एक सोपा दरवाजा ठरला: नेटवर्कवर खोटा सर्व्हर बसवा, उत्तरात बनावट मजकूर घाला, आणि पलीकडचं यंत्र तो रूटच्या अधिकाराने चालवेल. तो बॅशचा दोष होता म्हणावं, तर मे २०१८ मध्ये फेलिक्स विल्हेल्म यांनी दाखवलेला दोष थेट रेड हॅटच्या डीएचसीपी क्लायंटसोबत येणाऱ्या, नेटवर्कमॅनेजरसाठी लिहिलेल्या एका स्क्रिप्टमध्ये होता. तिथेही तेच: खोट्या उत्तरातून रूटचा हुकूम. पत्ता मागणारा क्लायंट पहिलं उत्तर कुणाचं आलं हे तपासू शकत नाही. त्याने हाक सगळ्यांना मारलेली असते.

कॅपिटल आरला यामुळेच एक गंभीर बाजू आहे. क्लायंट रिक्वेस्टसोबत आपल्याला हव्या असलेल्या गोष्टींची यादी पाठवतो; कॅपिटल आर ती यादी ठरवतो. प्रोटोकॉलमध्ये या गोष्टींना क्रमांक आहेत आणि त्यांनाही ऑप्शन म्हणतात, म्हणून या पुस्तकात कमांडच्या अक्षरांना पर्याय आणि पॅकेटमधल्या क्रमांकांना ऑप्शन म्हटलं आहे. ऑप्शन १२१ हा २००२ पासूनचा. त्यातून सर्व्हर क्लायंटला सांगू शकतो की अमुक पत्त्यांकडे जाणारी पॅकेटं अमुक रस्त्याने पाठव. सोयीची गोष्ट. मे २०२४ मध्ये टनेलव्हिजन या नावाने दाखवून देण्यात आलं की हाच ऑप्शन वापरून खोटा सर्व्हर व्हीपीएनची रहदारी व्हीपीएनच्या बाहेरून वळवू शकतो, आणि व्हीपीएन मात्र जोडलेलंच दिसत राहतं. अँड्रॉइडला याची झळ लागली नाही, कारण तो ऑप्शन १२१ पाळतच नाही. कॉफीच्या दुकानातल्या वायफायवर आपला क्लायंट काय काय मागतो आणि मिळालेलं मुकाट्याने कसं मान्य करतो, हे एकदा पाहून ठेवावं.

मागण्याच्या जोडीला सांगणंही आलं. कॅपिटल एच यंत्राचं नाव कळवतो, कॅपिटल व्ही त्याची जात, कॅपिटल सी ओळख-क्रमांक. ऑफिसात हे उपयोगी आहे, नाव कळलं की डीएनएसमध्ये नोंद होते. पण अनोळखी नेटवर्कवर मालकाच्या नावाचा लॅपटॉप स्वतःची ओळख करून देत फिरतो, हे २०१६ च्या आरएफसी ७८४४ ने ध्यानात आणून दिलं आणि गरजेपुरतंच बोलावं अशी रूपरेषा आखून दिली. ओळखीचा गोंधळ उलट बाजूनेही होतो. एका आभासी यंत्राच्या दहा प्रती काढल्या आणि सगळ्यांची मशीन-आयडी तीच राहिली, तर तिच्यावरून ओळख तयार करणारा सिस्टिमडीचा क्लायंट दहाही ठिकाणी एकाच नावाने पत्ता मागतो. सर्व्हर सगळ्यांना एकच पत्ता देतो, हार्डवेअर पत्ते वेगळे असूनही. डीएचक्लायंटमधला आय आणि कॅपिटल डी याच ओळखीच्या घडणीशी निगडित आहेत.

डॅश ६ बद्दल इथे थोडंच. आयपीव्ही६ मध्ये पोर्ट वेगळे, ५४६ आणि ५४७, आणि गेटवे डीएचसीपीकडून येतच नाही; तो राउटरच्या जाहिरातीतून येतो. व्ही४ ची सवय असलेले लोक इथे हमखास अडतात: पत्ता मिळाला, नेट नाही. कॅपिटल पी हा घरच्या राउटरचा पर्याय, एका पत्त्याऐवजी पत्त्यांचा आख्खा पट्टा मागणारा. बाकी त्या प्रकरणात. एस आणि जी हे चाचणीचे पर्याय. जीच्या बाबतीत तर मॅन्युअलच बजावतं की यातून काही सुसंगत किंवा उपयोगाचं घडेल अशी अपेक्षा ठेवू नका. इतकं प्रामाणिक दस्तऐवज विरळाच.

आता एक रास्त प्रश्न. डीएचक्लायंट निवृत्त झाला आहे. ४.४.३ ही त्याला सोबत घेऊन आलेली शेवटची मालिका आणि २०२२ अखेर इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्शियमने त्या संपूर्ण संचाची देखभाल थांबवली. त्यांचाच नवा केआ हा सर्व्हर आहे, त्यात क्लायंट नाही. नेटवर्कमॅनेजर २०१९ च्या १.२० आवृत्तीपासून मुळात स्वतःचाच क्लायंट वापरतो. ओपनबीएसडीने जुना क्लायंट बाजूला सारून डीएचसीपीलीज्ड आणला. मग याच्यावर पुस्तक कशाला? एक कारण म्हणजे तो अजून असंख्य जुन्या सर्व्हरांवर, उपकरणांत आणि स्क्रिप्टांत चालतो आहे, आणि देखभाल थांबलेला प्रोग्राम समजून घेण्याची गरज वाढते, कमी होत नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. वारसांनी बोलणं तेच ठेवलं, अक्षरं मात्र बदलली. आर घ्या: डीएचक्लायंटमध्ये पत्ता परत करणं, पण बिझीबॉक्समधल्या यूडीएचसीपीसीमध्ये आणि रॉय मार्पल्स यांच्या डीएचसीपीसीडीमध्ये ठरावीक पत्ता मागणं. डीएचसीपीसीडीमध्ये परत करायचा तर के. क्यू डीएचक्लायंटला गप्प करतो, यूडीएचसीपीसीला पत्ता मिळताच घरी पाठवतो. एन डीएचक्लायंटमध्ये काहीच लावू नको, यूडीएचसीपीसीमध्ये लीज नाही मिळाली तर निघ, डीएचसीपीसीडीमध्ये पुन्हा बोलणी कर. राउटरच्या छोट्या लिनक्सवर सवयीने आर टंकणाऱ्याचं काय होतं ते वेगळं सांगत नाही. म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी त्या टप्प्याचे तिन्ही क्लायंटांचे पर्याय शेजारी-शेजारी दिले आहेत.

वाचताना हाताशी एक लिनक्स यंत्र असावं, पण प्रयोग त्याच्या खऱ्या जोडणीवर करू नयेत. डेस्कटॉपवर नेटवर्कमॅनेजर चालू असताना हाताने दुसरा क्लायंट सुरू केला तर दोघे एकाच कार्डासाठी भांडतात. वेगळं नेटवर्क-नेमस्पेस काढावं, आभासी केबलची एक जोडी करून तिचं एक टोक आत सोडावं, बाहेरच्या टोकावर डीएनएसमास्क बसवावा आणि शेजारच्या खिडकीत टीसीपीडंपला ६७ आणि ६८ पोर्टवर लक्ष ठेवायला सांगावं. फायरवॉलने ६८ अडवून क्लायंटला गप्प करता येईल असं वाटेल; करून पाहा. पत्ता नसलेला क्लायंट नेहमीच्या सॉकेटने बोलत नाही, पॅकेट थेट कार्डावरून उचलतो, त्यामुळे तो नियम त्याला दिसतही नाही. डीएनएसमास्कमध्ये लीजची मुदत कमीत कमी दोन मिनिटांची ठेवता येते, तेवढीच ठेवा. साधारण मिनिटाभरात, बहुधा थोडं आधीच, पहिलं नूतनीकरण दिसेल. सगळे क्लायंट एकाच ठोक्याला येऊ नयेत म्हणून डीएचक्लायंट त्या वेळेत थोडी सरमिसळ करतो. ते दिसलं की डीएनएसमास्क बंद करा आणि घड्याळ पाहत बसा. आधी थेट सर्व्हरकडे जाणारी पॅकेटं दिसतील, मुदत संपत आली की सगळ्यांना घातलेली साद, आणि मग एक्स्पायर हे कारण घेऊन धावलेली स्क्रिप्ट.